चाकू कोणाचा? पात्याच्या बुडाशी ठोकलेल्या शिक्क्याचा मागोवा

जुना अमेरिकन घडीचा चाकू हातात आला की जाणकार माणूस आधी धार बघत नाही. तो पातं उघडतो आणि जिथे धार संपते, पातं मुठीत शिरतं, त्या बिनधारेच्या चौकोनी भागावर नजर लावतो. या भागाला टँग म्हणतात. जागा जेमतेम नखाएवढी. पण तिच्यावर कारखान्याचं नाव, गाव, कधी देश, कधी एखादं चिन्ह ठोकलेलं असतं, आणि पातं उलटं केलं की अनेकदा नमुन्याचा क्रमांकही सापडतो. चाकूचं वय, घराणं आणि किंमत ठरवण्याची सुरुवात इथून होते.

हा शिक्का संग्राहकांसाठी कुणी ठोकला नव्हता. त्यामागचा प्रश्न साधा होता: उद्या पातं मोडलं, वाकलं, धार धरेनासं झालं, तर जाब कोणाला विचारायचा? या प्रश्नाचं उत्तर काळानुसार कसं बदलत गेलं, हाच अमेरिकन खिशातल्या चाकूचा इतिहास आहे. संग्राहकाची सगळी विद्याही याच प्रश्नाभोवती फिरते.

शेफील्डची मक्तेदारी

या वंशावळीचं मूळ इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये आहे. तिथल्या चाकू-कात्र्या घडवणाऱ्यांचा 'कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशायर' हा संघ १६२४ मध्ये इंग्लंडच्या संसदेच्या कायद्याने स्थापन झाला. प्रत्येक कारागिराची खूण नोंदवून घेणं आणि ती दुसऱ्या कुणाला वापरू न देणं, हे या संघाचं एक मुख्य काम. खूण म्हणजे कारागिराची पत. जोसेफ रॉजर्स अँड सन्सचा तारा आणि माल्टीज क्रॉस, जॉर्ज वॉस्टनहोमचं 'आय एक्स एल' ही अक्षरं, या खुणा पुढे जगभर पोचल्या.

एकोणिसाव्या शतकाचा बराचसा काळ अमेरिकन माणसाच्या खिशात शेफील्डचाच चाकू असे. वॉस्टनहोमने तर आपल्या शेफील्डमधल्या कारखान्याला 'वॉशिंग्टन वर्क्स' असं नाव दिलं होतं. गिऱ्हाईक कुठलं आहे, हे त्या नावातच दिसतं. अमेरिकेत चाकू बनत नव्हते असं नाही. कनेक्टिकटमधल्या लेकव्हिलची हॉली मॅन्युफॅक्चरिंग कंपनी १८४४ पासून खिशातले चाकू करत होती. पण शेफील्डच्या मालापुढे स्थानिक कारखान्यांचा टिकाव अवघड होता. दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला परदेशी शिक्क्याची खात्री वाटे.

मग कारागीरच समुद्र ओलांडून आले. शेफील्डहून आलेल्या काही जणांनी १८५२ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या मॅटीवॉन गावी 'न्यू यॉर्क नाइफ कंपनी' काढली आणि १८५६ मध्ये ती वॉलकिल नदीकाठच्या वॉल्डनला हलवली. नदीच्या पाण्यावर यंत्रं चालत. पुढे वॉल्डनमध्ये आणखी दोन मोठे कारखाने उभे राहिले, 'वॉल्डन नाइफ कंपनी' आणि 'श्रेड कटलरी', आणि गावाची ओळखच चाकूंचं गाव अशी झाली. न्यू यॉर्क नाइफ कंपनीचा पुढचा अध्यक्ष थॉमस ब्रॅडली हा शेफील्डमध्येच जन्मलेला. लहानपणी वॉल्डनला आलेला हा मुलगा अमेरिकन यादवी युद्धात लढला, मेडल ऑफ ऑनरचा मानकरी ठरला आणि १९०३ ते १९१३ अशी दहा वर्षं अमेरिकन काँग्रेसचा सदस्य होता. शेफील्डचं कसब अमेरिकेच्या मातीत कसं रुजलं, ते या एका आयुष्यात दिसतं.

शिक्क्यात देश आला

कलाटणी मिळाली ती कायद्याने. ऑक्टोबर १८९० मध्ये मॅकिन्ली जकात कायदा लागू झाला. परदेशी चाकूंवर डझनामागे ठोक कर बसला आणि त्याशिवाय किमतीच्या निम्मी जकात. १८९७ च्या डिंग्ली कायद्याने ही भिंत आणखी उंच केली. शेफील्डची अमेरिकन बाजारपेठ काही वर्षांत आटली, आणि न्यू यॉर्क, पेनसिल्व्हेनिया, कनेक्टिकटमध्ये नवे कारखाने उभे राहिले.

याच कायद्यातलं एक कलम संग्राहकांच्या फार उपयोगाचं आहे. १ मार्च १८९१ पासून आयात मालावर तो कोणत्या देशात बनला, हे इंग्रजीत लिहिणं बंधनकारक झालं. त्यामुळे टँगवर 'जर्मनी' किंवा 'इंग्लंड' असा शब्द दिसला, तर चाकू बहुधा १८९१ नंतरचा. नुसतंच 'शेफील्ड' आणि देशाचा पत्ता नाही, तर तो त्याआधीचा असण्याची शक्यता बरीच. यालाही अपवाद आहेत, म्हणून शिक्का एकटा पुरेसा नाही. तरी कालनिर्णयाची पहिली पक्की रेघ इथे पडते.

याच रेघेवर एक जुना घोळही सुटतो. 'बोकर' हे नाव जर्मनीतल्या झोलिंगेनच्या चाकूंवर झाडाच्या चिन्हासह येतं, आणि अमेरिकेत बनलेल्या चाकूंवरही येतं. न्यू यॉर्कची एच. बोकर कंपनी मुळात आयातदार होती. पुढे तिने न्यू जर्सीतल्या न्यूअर्कचा 'व्हॅली फोर्ज कटलरी' हा कारखाना हाताशी घेतला. घराण्याचं नाव एक, पण पोलाद आणि कारागीर दोन देशांतले. अशा वेळी नावाखालची 'जर्मनी' किंवा 'यू. एस. ए.' ही बारीक अक्षरंच निकाल देतात.

उसनं नाव

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिक्का आणि कारागीर यांची ताटातूट झाली. अमेरिकेत लोखंडी सामानाचे प्रचंड घाऊक व्यापारी होते. सेंट लुइसच्या ई. सी. सिमन्सचा 'कीन कटर', त्याच शहरातल्या शॅपलीचा 'डायमंड एज', शिकागोच्या हिबर्ड, स्पेन्सर, बार्टलेटचा 'ओ. व्ही. बी.', लुइव्हिलच्या बेल्कनॅपचा 'ब्लू ग्रास'. हे व्यापारी कारखान्यांकडून चाकू करवून घेत आणि त्यांवर आपलं नाव ठोकवून घेत. एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात निघालेल्या एकाच साच्याच्या चाकूंवर वेगवेगळी नावं असत.

गिऱ्हाइकाच्या दृष्टीने यात गैर काहीच नव्हतं. त्याला जबाब देणारा म्हणजे दुकानदार, आणि दुकानदारामागे व्यापाऱ्याचं नाव. पण शंभर वर्षांनंतर तो चाकू घडवला कोणी हे शोधायचं, तर शिक्का गप्प बसतो आणि बाकीच्या चाकूला बोलतं करावं लागतं. नख अडकवून पातं उघडायची खाच छोटी आणि चंद्रकोरीसारखी आहे की लांब? लांब खाचेत काडी ओढून पेटवता यावी म्हणून बारीक रेघा आहेत का? तशा असल्या तर चाकू सहसा जुना. मुठीच्या टोकांवरची धातूची टोपणं लोखंडी आहेत की रुपेरी निकेलमिश्रित धातूची? पात्यांना वेगळं ठेवणारे आतले पत्रे पितळी की लोखंडी? हाडाच्या मुठीवरचं खोदकाम कुठल्या पद्धतीचं? प्रत्येक कारखान्याच्या हाताची वळणं वेगळी. ती ओळखणारा माणूस शिक्का झाकूनही चाकूचं गाव सांगू शकतो.

केसचे ठिपके

शिक्क्याला पुन्हा बोलतं करण्याचं सर्वांत मोठं श्रेय केस घराण्याकडे जातं. १८८९ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या लिटल व्हॅलीच्या केस भावांनी गाडीतून गावोगाव चाकू विकायला सुरुवात केली. पुढच्या पिढीतल्या जे. रसेल केसने 'डब्ल्यू. आर. केस अँड सन्स' काढली आणि १९०५ मध्ये ती पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डला नेली. ती आजही तिथेच आहे. १९९३ मध्ये ती झिपो लायटर बनवणाऱ्या, ब्रॅडफर्डच्याच कंपनीने घेतली.

केसच्या चाकूवरची 'एक्स एक्स' ही खूण सर्वांना परिचित आहे. पोलादाला भट्टीत पाणी देऊन पातं एकदा पार पडलं की एक फुली, दुसऱ्यांदा पार पडलं की दुसरी, अशी ही कारखान्यातली खूण होती आणि तीच पुढे शिक्क्यात आली, असं कंपनी सांगत आली आहे.

एक चाकू जवळून वाचून बघू. टँगच्या मागच्या बाजूला '६२५४' असा आकडा आहे. केसच्या पद्धतीत पहिला अंक मुठीचा: ६ म्हणजे खोदकाम केलेलं हाड, ५ म्हणजे खरं हरणाचं शिंग, ३ म्हणजे पिवळी कृत्रिम मूठ, ८ म्हणजे मोत्याचा शिंपला. दुसरा अंक पात्यांचा, म्हणजे इथे दोन. उरलेला ५४ हा नमुना, ज्याला सगळे 'ट्रॅपर' म्हणतात. यात दोन लांब पाती असतात, एक टोकदार आणि एक बोथट टोकाचं. सापळे लावून फर विकणाऱ्यांच्या सोयीचा हा आकार. टोकदार पात्याने चिरायचं आणि बोथट टोकाच्या पात्याने कातडं न फाडता सोलायचं.

आता पातं फिरवून पुढची बाजू बघा. मोठ्या वळणदार अक्षरातलं 'केस' आणि त्याखाली 'टेस्टेड एक्स एक्स' असेल, तर चाकू १९२० ते १९४० मधला. सरळ अक्षरांत नुसतं 'केस एक्स एक्स' असेल, तर १९४० ते १९६४. त्याखाली 'यू. एस. ए.' जोडलेलं असेल, तर १९६५ ते १९६९. १९७० मध्ये कंपनीने 'मेड इन यू. एस. ए.' लिहून त्याखाली दहा ठिपके ठोकायला सुरुवात केली, आणि दर वर्षी एक ठिपका कमी केला. सात ठिपके म्हणजे १९७३, एक ठिपका म्हणजे १९७९. १९८० मध्ये 'केस'चा 'एस' विजेसारखा तिरका झाला आणि ठिपके पुन्हा दहापासून सुरू झाले.

कारखाना चालतो तसं या काटेकोर पद्धतीतही व्यवहार डोकावतो. १९६४-६५ च्या उंबरठ्यावर जुन्या शिक्क्याची पाती शिल्लक होती, ती फेकून द्यायची कशाला? म्हणून काही चाकूंत एक पातं 'एक्स एक्स'चं आणि दुसरं 'यू. एस. ए.'चं आढळतं. नवख्या माणसाला तो बनावट वाटतो. जाणकार मात्र त्याला 'संक्रमणकाळातला' म्हणून जपतो आणि सहसा जास्त पैसे मोजतो.

बंदुकांचे कारखाने, हाडं आणि शिंगं

पहिल्या महायुद्धानंतर रेमिंग्टन आणि विंचेस्टर या बंदुकांच्या कंपन्यांकडे मोठे कारखाने रिकामे पडले. दोघांनीही चाकूंकडे मोर्चा वळवला. विंचेस्टरने १९१९ मध्ये नॅपनॉक आणि ईगल हे चाकूंचे कारखाने विकत घेतले. रेमिंग्टनने १९२० मध्ये कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला चाकू घडवायला सुरुवात केली आणि १९४० पर्यंत ते काम चालू ठेवलं. रेमिंग्टनच्या 'बुलेट' चाकूंच्या मुठीत बंदुकीच्या गोळीच्या आकाराची धातूची छोटी पट्टी बसवलेली असे. संग्राहकांच्या दृष्टीने हे चाकू आज या क्षेत्रातल्या सर्वांत मानाच्या वस्तूंपैकी आहेत. रेमिंग्टनचा क्रमांक मात्र उलटा वाचायचा: त्यात मुठीचा अंक शेवटी येतो. 'आर ११२३' मधला ३ म्हणजे हाड. १९४० मध्ये रेमिंग्टनने हा व्यवसाय पॅल ब्लेड कंपनीला विकला, आणि पॅलच्या चाकूंत रेमिंग्टनची उरलेली पातीही सापडतात. म्हणजे मूठ एका घराण्याची आणि पातं दुसऱ्याचं.

मुठींचा इतिहासही तितकाच महत्त्वाचा. खोदकामाची हाडं बहुतेक गुरांच्या पायाची असत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती दुर्मीळ झाली तेव्हा केसने खडबडीत काळ्या प्लॅस्टिकच्या मुठी वापरल्या. एरवी साधारण वाटणारी ती मूठ आज त्या टंचाईचा पुरावा म्हणून वाचली जाते. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक कारखान्यांनी हाड सोडून डेलरीनसारखी कृत्रिम द्रव्यं घेतली. त्यामुळे मुठीचं हाड खरं की डेलरीन, हाही वय ठरवण्याचा एक धागा.

'खरं हरणाचं शिंग' असं ज्याला अमेरिकन कारखाने म्हणत, ते बरंचसं आपल्याकडच्या सांबराचं. सांबराचा नर साधारण दर वर्षी शिंगं टाकतो. जंगलात पडलेली ती शिंगं गोळा होऊन परदेशी जात. शिंग आत भरीव, बाहेरून खरबरीत आणि टिकाऊ, म्हणून चाकूला उत्तम. भारताने १९९० च्या दशकाच्या अखेरीस हा व्यापार बंद केला. वन्यजीव संरक्षणाच्या दृष्टीने ते योग्यच झालं, कारण गोळा केलेलं शिंग आणि मारलेल्या सांबराचं शिंग बाजारात वेगळं ओळखता येत नाही. विदर्भातल्या जंगलात सांबर पाहिलेल्या मराठी माणसाने केसच्या ५ अंकाने सुरू होणाऱ्या चाकूची मूठ हातात घेतली, तर त्या खरबरीतपणाची ओळख त्याला सहज पटेल.

सेल्युलॉइडच्या मुठींची गोष्ट धोक्याची आहे. ओहायोतल्या कँटन गावी पारदर्शक सेल्युलॉइडखाली छायाचित्रं, जाहिराती, नावं बसवलेले चाकू बनत. ते दिसायला देखणे, पण हे द्रव्य जुनं झालं की विघटन पावून आम्लयुक्त वाफ सोडतं आणि स्वतःच्याच पात्यावर गंज चढवतं. शेजारी ठेवलेल्या चाकूंनाही ते खातं. म्हणून असे चाकू वेगळे आणि हवेशीर ठेवावे लागतात. चामड्याच्या म्यानात चाकू कायमचा ठेवणंही चुकीचं, कारण कमावलेल्या चामड्यातली रसायनं पोलादाला गंजवतात.

संग्राहक जन्माला आले

१९११ मध्ये न्यू यॉर्क नाइफ कंपनीने अमेरिकन बालवीरांसाठी पहिला अधिकृत चाकू बनवला होता. त्यानंतर कित्येक पिढ्यांची पोरं खिशात चाकू घेऊन वाढली. पण चाकू वापरायचे असतात, जमवायचे नसतात, हीच समजूत होती. ती १९६० च्या दशकाच्या शेवटी बदलली. १९६८ च्या कायद्याने बंदुकांची टपालाने होणारी विक्री आणि राज्याराज्यांतला व्यवहार आवळला. बंदुकांच्या मेळ्यात टेबल मांडणारे अनेक जण चाकूंकडे वळले. त्यापाठोपाठ १९७० मध्ये केसचे ठिपके आले, आणि ते पाहून लोक जुन्या शिक्क्यांचे चाकू शोधू लागले. १९७२ मध्ये संग्राहकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९८५ मध्ये बर्नार्ड लेव्हिन यांचा मार्गदर्शक ग्रंथ आला आणि शिक्क्यांच्या याद्या सामान्य माणसाच्या हाती पोचल्या.

किंमत आली की बनावटही आली. साध्या चाकूच्या टँगवरचा खरा शिक्का घासून काढायचा आणि रेमिंग्टनचा किंवा विंचेस्टरचा ठोकायचा, हा जुना धंदा. तो पकडायचा तर टँगची जाडी बघावी. घासलेला टँग पात्याच्या मानाने पातळ होतो आणि आतल्या पत्र्यांत फट दिसते. सगळा चाकू झिजलेला आणि शिक्का मात्र करकरीत, हेही शंकास्पद. मुठीतली खीळ नवी चमकते का, हाडाला खिळीपाशी तडा गेला आहे का, पातं बदललेलं आहे का, हे क्रमाने तपासावं. मग पातं उघडबंद करून बघावं. स्प्रिंग दमदार असेल, तर शेवटच्या क्षणी पातं 'टक' असं जागेवर बसतं. संग्राहक याला 'वॉक अँड टॉक' म्हणतात: पात्याची चाल आणि त्याचा आवाज. शिक्का खोटा ठोकता येतो, पण झिजलेल्या स्प्रिंगकडून तो आवाज काढता येत नाही.

आणि घासूनपुसून चकचकीत केलेला चाकू घेऊ नये. जुन्या कार्बन पोलादावर चढलेली करडी झाक हा त्याच्या वयाचा दाखला असतो. चाकावर धरून ती घालवली की अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि किंमतही उतरते.

बनावटीखेरीज प्रामाणिक गोंधळही आहे. १९८२ मध्ये रेमिंग्टनचे जुने बुलेट चाकू पुन्हा बाजारात आले. ते कॅमिलस कारखान्याने बनवले होते. नाव तेच, आकार तोच, पण घडवणारे हात वेगळे. ही नवी आवृत्ती म्हणून ती उघड विकली गेली, पण चाळीस वर्षांनी एखाद्या घरच्या सामानाच्या विक्रीत ती 'आजोबांचा चाकू' म्हणून समोर येते, तेव्हा फरक कळायला हवा.

नाव उरलं, कारखाना गेला

न्यू यॉर्क नाइफ कंपनी १९३१ च्या मंदीतच बंद पडली होती. श्रेडचा कारखाना २००४ मध्ये, कॅमिलसचा २००७ मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलचा 'क्वीन' २०१८ मध्ये थांबला. श्रेडचं नाव विकलं गेलं आणि ते परदेशात बनलेल्या चाकूंवर येऊ लागलं. ज्या खुणेमागे एकेकाळी गाव होतं, ती आता कागदावरच्या मालकीची झाली.

तरी मूळ प्रश्न संपलेला नाही. २००६ मध्ये टायटसव्हिललाच 'ग्रेट ईस्टर्न कटलरी' सुरू झाली. जुन्या नमुन्यांचे चाकू ती जुन्या पद्धतीने बनवते आणि टँगवरच्या क्रमांकात नमुना, पात्यांची संख्या आणि साल सगळं देते. या चाकूचा जबाब कोणाकडे आणि तो कधीचा, हे पुन्हा शिक्क्यातच वाचता येतं.

म्हणून या छंदात येणाऱ्याला माझं सांगणं एवढंच. सुरुवात एका घराण्यापासून करावी, शक्यतो केसपासून, कारण त्याचे आकडे आणि ठिपके शिकायला सोपे आहेत. शिक्का नीट वाचावा, पण तिथे थांबू नये. पातं, स्प्रिंग, पत्रे आणि मूठ मिळून तीच गोष्ट सांगतात का, हे पाहावं. कंपन्या बंद पडतात, नावं विकली जातात, पण ज्या हातांनी तो चाकू घडवला त्यांचं काम त्या पोलादात आणि हाडात तसंच असतं. ते वाचता येणं म्हणजे त्या हातांना त्यांचं श्रेय परत देणं, आणि जुन्या वस्तू जमवण्याचं याहून चांगलं कारण मला माहीत नाही.